डेक बिघडलाय, वायर तुटलीय, की कान गेलाय?

पेटची तयारी करणाऱ्या कुणालाही ‘स्वतंत्र चल म्हणजे काय’ असं विचारा. व्याख्या धडाधड येते. गृहीतक, नियंत्रित चल, गोंधळ घालणारा चल, सगळं पाठ असतं. पण मुलाखतीत समोरच्या सरांनी ‘बरं, मग तुमच्या प्रयोगात हे नेमकं कुठे आहे ते सांगा’ म्हटलं की गाडी अडते. गेल्या काही महिन्यांत मला तुमच्यापैकी अनेकांनी हेच विचारलंय की व्याख्या कळते, पण हे प्रत्यक्षात करतात कसं?

म्हणून आज प्रयोगशाळेतलं उदाहरण घेतच नाही. पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीतला बिघडलेला टेप घेते. (नव्या पिढीने ‘म्युझिक सिस्टीम’ वाचावं. आमच्या घरी कॅसेट जाऊन सीडी आली, सीडी जाऊन पेनड्राइव्ह आला, तरी तो टेपच आहे.) हे उदाहरण निवडायचं कारण असं की यात गृहीतकं मोजकी असतात, प्रत्येक गृहीतक दहा मिनिटांत तपासता येतं, आणि बरेचसे लोक ते न तपासताच सगळं बदलून मोकळे होतात. संशोधनातही हेच होतं, फक्त तिथे दहा मिनिटांच्या जागी दहा महिने जातात.

आधी यंत्रणा समजून घेऊ. जुन्या गाडीत आवाजाची साखळी सरळ असते. बॅटरीतून वीज डेकला मिळते. डेकमध्ये रेडिओ किंवा कॅसेट-सीडीचा भाग असतो आणि त्याच्याच पोटात छोटा ॲम्प्लिफायर असतो. तिथून प्रत्येक स्पीकरला दोन-दोन वायरी जातात. पुढचे दोन दारात किंवा डॅशबोर्डमध्ये, मागचे दोन डिक्कीवरच्या ट्रेमध्ये. म्हणजे बिघाड असू शकेल अशा जागा चारच: वीजपुरवठा, डेक, वायर आणि स्पीकर. रेडिओच नीट लागत नसेल तर एरियल ही पाचवी. पण कॅसेट किंवा सीडी स्वच्छ वाजते आणि फक्त रेडिओ खरखरतो, एवढ्या एका निरीक्षणातच उरलेल्या चारही जागा जवळजवळ निर्दोष सुटतात. एकही स्क्रू न काढता. चांगलं निरीक्षण किती काम वाचवतं त्याचा हा पहिला नमुना.

आता खरं उदाहरण. साताऱ्याला माझ्या काकांकडे 2003 सालची छोटी गाडी आहे. तिच्यात डाव्या बाजूचा आवाज पोकळ आणि फाटका येत होता, आणि मधूनच पूर्ण जायचा. गाडी ज्याने ज्याने पाहिली त्याचं निदान तयार होतं. ॲक्सेसरीजच्या दुकानातला म्हणाला, ‘सगळंच जुनं झालंय, टच स्क्रीन टाका, चारही स्पीकर बदला, बरोबर एक ॲम्प्लिफायर घ्या.’ माझा चुलतभाऊ म्हणाला, डेकची आयसी गेली. ओळखीचे वायरमन म्हणाले, कुठेतरी लूज आहे. काका काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी टेप लावणंच बंद केलं होतं.

त्याचं कारण काकूकडून कळलं. काका अडुसष्ट वर्षांचे. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की टेपला काही झालेलं नाही, आपलाच डावा कान गेलाय. हे ते कुणाला बोलले नव्हते. लग्नकार्यात डाव्या बाजूला कुणी बसलं की ते जागा बदलायचे, फोन उजव्या कानालाच लावायचे. टेपचा विषय निघाला की ‘राहू दे, आता कोण ऐकतंय’ म्हणायचे.

म्हणजे गृहीतकं चार नव्हती, पाच होती. आणि पाचवं गृहीतक निरीक्षकाबद्दलच होतं. मोजणारं साधन बरोबर आहे का, हा प्रश्न आपण मल्टिमीटरबद्दल विचारतो, प्रश्नावलीबद्दल विचारतो. स्वतःच्या कानाबद्दल, डोळ्याबद्दल क्वचितच विचारतो. काकांनी तो विचारला होता, हे खरं तर त्यांचं कौतुक आहे. फक्त तो तपासला नव्हता.

कान आधी

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर त्याच्या गुडघ्याशी असतो आणि डावा पार पलीकडे. त्यामुळे ठणठणीत कानाच्या माणसालाही ड्रायव्हरच्या सीटवरून उजवा आवाज जास्त ऐकू येणार. काकांचं प्रत्येक निरीक्षण एकाच सीटवरून आलेलं होतं. पुस्तकात ज्याला गोंधळ घालणारा चल म्हणतात तो हाच. बसायची जागा कारणातही मिसळलेली आणि परिणामातही.

तो काढून टाकायला सोपा उपाय होता. मागच्या सीटवर बरोबर मध्ये बसायचं आणि जुनं, मोनो रेकॉर्डिंग असलेलं गाणं लावायचं. मोनो गाण्यात डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्यांत एकच आवाज असतो. स्टिरिओ गाण्यात संगीतकारानेच सतार डावीकडे आणि व्हायोलिनं उजवीकडे ठेवलेली असू शकतात. मग डावा-उजवा फरक गाण्याचा की स्पीकरचा, हे कसं सांगणार? जे मोजायचं आहे त्याशिवाय बाकी सगळं सारखं ठेवणं म्हणजे कंट्रोल, तो इथे एका जुन्या सिनेमागीताने दिला.

मग तीन माणसांनी, म्हणजे काका, काकू आणि मी, आळीपाळीने मध्ये बसून ऐकलं आणि प्रत्येकाने आपलं मत दुसऱ्याला न सांगता चिठ्ठीवर लिहिलं. चिठ्ठी कशाला, असं काकूने विचारलंच. कारण एकाने ‘डावा फाटलाय’ म्हटलं की बाकीच्यांना तो फाटकाच ऐकू येतो. तिन्ही चिठ्ठ्यांवर डाव्या बाजूची तक्रार होती.

यातून काय सिद्ध झालं? गाडीत बिघाड आहे, एवढंच. काकांचा कान चांगला आहे, हे यातून सिद्ध होत नाही. कृपया हा फरक दोनदा वाचा, कारण पहिल्या वर्षाच्या अहवालांत ही उडी सर्रास दिसते. एका कारणाचा पुरावा मिळाला म्हणून दुसरं कारण खोटं ठरत नाही. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

कानासाठी वेगळी चाचणी हवी. मोबाइलचे इअरफोन लावले, तेच मोनो गाणं, आणि अर्ध्यावर इअरफोन उलटे घातले. डावा उजव्या कानात, उजवा डाव्यात. कमजोरी कानात असेल तर ती डाव्या कानातच राहील. इअरफोनमध्ये असेल तर ती बाजू बदलेल. अशा अदलाबदलीच्या रचनेला क्रॉसओव्हर म्हणतात. औषधांच्या चाचण्यांत हीच युक्ती वापरतात, एकाच रुग्णाला आधी एक औषध आणि मग दुसरं देऊन. काकांना दोन्ही वेळा दोन्ही कानांत सारखंच ऐकू आलं.

तरीही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, आणि तुमच्या घरीही कुणाला शंका असेल तर जाच. इअरफोनची चाचणी घरगुती आहे, वैद्यकीय तपासणी नव्हे. विशेषतः एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर ते तातडीचं प्रकरण असतं, लवकर उपचार मिळणं महत्त्वाचं ठरतं. काकांच्या ऑडिओग्राममध्ये दोन्ही कानांत उंच पट्टीचे स्वर थोडे कमी निघाले, दोन्हीकडे जवळपास सारखेच. वयानुसार असं बहुतेकांचं होतं. डाव्या कानाला वेगळं काही नव्हतं. कागद हातात घेऊन काका बराच वेळ बसले होते. मग म्हणाले, ‘चल, तो डेक काढ.’

अदलाबदल, पण एका वेळी एकच

उरल्या गाडीतल्या जागा. इथे नवशिके काय करतात? नवा स्पीकर आणतात, तो लावताना वायरही नवी टाकतात, हात लागलाच आहे तर डेकचं कपलरही साफ करतात. टेप वाजायला लागतो. छान! पण बिघाड कशात होता ते कुणालाच कळत नाही, आणि महिन्याने परत तसंच झालं तर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आम्ही डेक बाहेर ओढला. डेक बंद ठेवून मागच्या कपलरवर डाव्या आणि उजव्या पुढच्या स्पीकरच्या जोड्यांची अदलाबदल केली. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डेकच्या वायरींना ठरलेले रंग असतात: पांढरी जोडी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली वायर उणे. आता भाकीत आधी लिहून ठेवायचं. डेकची डावी वाहिनी खराब असेल तर फाटका आवाज उजव्या दारात जाईल. वायर किंवा स्पीकर खराब असेल तर तो डावीकडेच राहील. तो डावीकडेच राहिला. डेक सुटला, आणि आयसी गेल्याचं निदानही तिथेच संपलं.

भाकीत आधी लिहायचं, यावर माझा फार भर आहे. निकाल पाहिल्यावर ‘मला वाटलंच होतं’ म्हणणं सोपं असतं.

पुढची पायरी म्हणजे डाव्या दाराचं पॅनल काढून तिथल्या वायरीला उजवीकडचा चांगला स्पीकर जोडणं. जोडला, आणि फाटका आवाज गेला. म्हणजे डावा स्पीकर दोषी. काढून पाहिलं तर कोनाच्या कडेची फोमची चकती बोट लावताच भुकटी होत होती. जुन्या स्पीकरमध्ये हे हमखास होतं. पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षं हळूहळू तुटत जातो. रबराच्या किंवा कापडाच्या कडा जास्त टिकतात. फोम गेला की कोन जागेवर धरला जात नाही, बास जातो आणि फडफड सुरू होते.

इथे थांबलो असतो तर लेख छान गोळीबंद झाला असता. पण काका म्हणाले, ‘मधूनच पूर्ण जातो त्याचं काय?’

बरोबर होतं त्यांचं. फाटलेला फोम पोकळ आवाजाचं स्पष्टीकरण देतो, मधूनच येणाऱ्या शांततेचं देत नाही. आम्ही सगळ्यांनी दोन वेगळ्या लक्षणांना ‘बिघाड’ असं एकच नाव दिलं होतं, आणि एका नावामुळे एकच कारण शोधत होतो. माझ्या मते संशोधनप्रश्न लिहिताना होणारी ही सगळ्यात महागडी गोष्ट आहे. ‘विद्यार्थ्यांची गळती’ असं एक नाव दिलं की शाळा बदलणारा, कामाला जाणारा आणि आजारी पडलेला, तिघे एका रकान्यात जातात. लक्षण नोंदवताना कधी, किती वेळ आणि कुठल्या स्थितीत हे तीन रकाने वेगळे करा. काकांच्या आठवणीत शोधल्यावर कळलं की आवाज जायचा तो बहुतेकदा काकू गाडीत चढता-उतरताना. म्हणजे डावं दार हलताना!

मीटर खरं बोलतो, पण विचारलेल्या प्रश्नाचंच

दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बिजागरीजवळ रबराची एक नळी असते. दाराच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं, तांब्याच्या बारीक तारा त्याच जागी वाकत राहतात आणि एकेक करून तुटतात. वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत दिसतं.

आम्ही वायरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला. तो बीप झाला. वायर चांगली?

नाही. कंटिन्युइटीच्या चाचणीत मीटर अगदी नाममात्र प्रवाह सोडतो, एखाद्या मिलिॲम्पियरच्या घरातला. वीस तारांपैकी दोन उरल्या असल्या तरी तो बीप करणार. आणि दार एका जागी स्थिर असताना घेतलेलं मोजमाप दार हलताना होणाऱ्या बिघाडाबद्दल काही सांगत नाही. बीप चालू ठेवून दार सावकाश उघडलं तेव्हा अर्ध्याच्या पुढे तो तुटक-तुटक झाला. जी घटना शोधायची आहे ती घडत असतानाच मोजायचं, हे सांगायला सोपं आणि विसरायला त्याहून सोपं आहे.

हेच वीजपुरवठ्याला जास्त कडकपणे लागू होतं, म्हणून आकडे घालून सांगते. समजा, बासच्या प्रत्येक ठोक्याला डेक बंद होऊन परत चालू होतोय. तुम्ही डेकच्या पिवळ्या वायरवर मीटर धरला, 12.6 व्होल्ट आले, आणि पुरवठा चांगला आहे असं ठरवलंत. पण डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण 10 मेगाओहम, म्हणजे एक कोटी ओहम असतो. वाटेत 1000 ओहमचा गंजका जोड असला तरी मीटरपुढे तो किरकोळ आहे. त्याच्यावर व्होल्टचा जेमतेम हजारावा भाग पडतो आणि मीटर आनंदाने 12.6 दाखवतो. खरा डेक मात्र मोठ्या आवाजात 4 ॲम्पियर घेतो. तेव्हा बॉडी अर्थच्या जोडात नुसता अर्धा ओहम असला तरी 2 व्होल्ट तिथेच जातात. म्हणून मोजायचं ते डेक जोरात वाजत असताना, आणि मीटरचं एक टोक डेकच्या काळ्या वायरवर आणि दुसरं बॅटरीच्या उणे खांबावर ठेवून. तिथे फारतर व्होल्टचा एखादा दशांश यावा. एक-दोन व्होल्ट आले तर नवा डेक घेऊनही तोच त्रास होणार. अर्थचा स्क्रू काढून खालचा रंग आणि गंज खरवडून परत आवळणं, याला पैसे लागत नाहीत.

स्पीकर मोजताना आणखी एक गंमत होते. पाकिटावर 4 ओहम लिहिलेलं असतं आणि मीटर 3.4 दाखवतो. स्पीकर खराब? अजिबात नाही. 4 ओहम हा इम्पीडन्स आहे, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध. मीटर मोजतो एकदिश प्रवाहाचा रोध, जो नेहमी थोडा कमीच असतो. 3.2 ते 3.8 च्या दरम्यान आलं की ठीक. शून्याजवळ आलं तर कॉइल शॉर्ट, काहीच नाही आलं तर कॉइल तुटलेली. आमच्या फोम गेलेल्या स्पीकरचा रोध अगदी बरोबर होता. म्हणजे मीटरच्या दृष्टीने तो निरोगी! कोनाची कड त्या मोजमापात येतच नाही.

दुरुस्तीनंतरचा प्रश्न संख्याशास्त्राचा आहे. नळीतली वायर बदलून आम्ही दार वीस वेळा उघडलं-मिटलं, आवाज एकदाही गेला नाही. मग बिघाड गेला का? n चाचण्यांत एकही अपयश आलं नाही, तर अपयशाचं प्रमाण 95 टक्के खात्रीने सुमारे 3 भागिले n पेक्षा कमी, असा एक उपयोगी ठोकताळा आहे. वीस चाचण्यांवर तो म्हणतो, साधारण 15 टक्क्यांच्या खाली. आधी दर दोन-तीन वेळेला आवाज जात असेल तर ही सुधारणा पक्की आहे. पण आधीच पन्नासात एकदा जात असेल तर वीस शून्यांना काही अर्थ नाही. ‘आढळले नाही’ असं लिहिताना किती वेळा शोधलं ते लिहायचं, ते यासाठी.

विकत घ्यायची वेळ आली तर

फोम गेलेला स्पीकर बदलायचा होता. उजव्याचाही फोम पिवळा पडून ठिसूळ व्हायला लागला होता, म्हणून जोडीच घेतली. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात की पहिला सामना होतो तो वॅटशी. डेकच्या खोक्यावर ‘4 × 50 वॅट’ असं ठळक छापलेलं असतं. हा दावा आपण स्वतः तपासू शकतो, शाळेतल्या भौतिकशास्त्रावर.

इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14.4 व्होल्ट असतात. साध्या डेकमधला ॲम्प्लिफायर स्पीकरला यापेक्षा जास्त देऊ शकत नाही. 14.4 चा वर्ग भागिले 4 ओहम म्हणजे जवळपास 52 वॅट. हा झाला खोक्यावरचा पन्नास! पण हा आकडा तेव्हाच येतो जेव्हा आवाज पूर्ण कापला जाऊन चौकोनी लहर झालेली असते, म्हणजे ऐकवणार नाही इतका फाटलेला. स्वच्छ साइन लहरीला त्याच्या निम्मे, सुमारे 26 वॅट मिळू शकतात, आणि आतल्या गळतीमुळे प्रत्यक्षात त्याहून थोडे कमीच. आकडा खोटा नाही. तो कुठल्या परिस्थितीतला, हे लपवलंय. शोधनिबंधातला एखादा झगमगीत टक्का वाचताना असाच कागद-पेन घ्या.

त्यामुळे स्पीकर निवडताना ‘300 वॅट’ पाहू नका, सेन्सिटिव्हिटी पाहा. ती डेसिबलमध्ये दिलेली असते. एकाच पद्धतीने मोजलेल्या दोन स्पीकरांत एक 88 आणि दुसरा 91 डेसिबलचा असेल, तर दुसरा निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज देतो. जुन्या डेकच्या वीस वॅटसाठी हाच आकडा कामाचा.

काकांनी डेक जुनाच ठेवला, कॅसेटसाठी. तुम्ही बदलणार असाल तर काही गोष्टी भराभर सांगते. डेकच्या खाचेचं माप ठरलेलं आहे, 180 बाय 50 मिलिमीटर. जर्मन मानकावरून त्याला डिन म्हणतात आणि दुप्पट उंचीच्या खाचेला डबल डिन. काम सुरू करण्याआधी मागच्या सगळ्या वायरींचे फोटो काढा आणि बॅटरीचं उणे टोक सोडा. काही जुने मूळ डेक वीज गेली की सुरक्षा कोड मागतात, तो कागद आधी शोधून ठेवा. गाडीच्या वायरी कापू नका, ॲडॉप्टर कपलर मिळतं. डेकचे रंग ठरलेले असले तरी गाडी बनवणाऱ्याचे रंग वेगळे असतात, म्हणून रंगावर विश्वास ठेवण्याआधी मीटर लावा: किल्ली काढल्यावरही जिथे 12 व्होल्ट राहतात ती डेकच्या पिवळ्याला, किल्ली फिरवल्यावर येतात ती लाल वायरला. बरेच जण लाल आणि पिवळी एकत्र पिळून टाकतात, कारण टेप लगेच वाजतो. मग डेक पूर्ण झोपतच नाही. समजा, तो सतत 300 मिलिॲम्पियर घेतोय आणि बॅटरी 35 ॲम्पियर-तासांची आहे. भागाकार करा, 117 तास, म्हणजे पाच दिवसांत बॅटरी रिकामी, आणि गाडी सुरू न होणं त्याच्याही आधी.

फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावू नका. फ्यूज असतो वायर पेटू नये म्हणून. तो काढला की गाडीतली सगळ्यात बारीक वायर फ्यूजचं काम करायला लागते, गालिच्याखाली.

आणखी एक, खूप जुन्या गाड्यांसाठी. पूर्वीच्या काही गाड्यांत स्पीकरची उणे बाजू थेट बॉडीला जोडलेली असायची. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. प्रत्येकीवर बॉडीच्या तुलनेत साधारण 6 व्होल्ट असतात आणि दोघींमधला फरक शून्याच्या आसपास. त्यातली एकही बॉडीला लागली तर डेकची आयसी जाऊ शकते. अशा गाडीत प्रत्येक स्पीकरपर्यंत नव्या दोन वायरी ओढाव्यात.

स्पीकर बसवण्याआधी काच पूर्ण खाली करून चुंबक काचेला लागत नाही ना, ते पाहा. दाराच्या आतली प्लॅस्टिकची शीट परत नीट चिकटवा. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात येतंच आणि खालच्या भोकांतून जातं. शीट फाटली की ते पाणी गाडीत आणि स्पीकरच्या कागदावर येतं. साताऱ्याच्या पावसात तर एका सीझनमध्ये काम तमाम. जोड पिळून चिकटपट्टी लावू नका, उन्हात तिचा गोंद वितळतो. सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब चढवा.

अधिक-उणे ओळखायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. कोन बाहेर उडी मारेल तेव्हा सेलचं अधिक टोक ज्या पत्तीला आहे ती अधिक. दोनपैकी एक स्पीकर उलटा जोडला गेला तर दोन्ही वाजतात, मोठ्याने वाजतात, पण बास एकमेकांना खाऊन टाकतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधून न येता सगळीकडून येतो. पुन्हा ते मोनो गाणं लावा. आवाज बरोबर मधोमध आला पाहिजे.

आमचा आला. एक गोष्ट मात्र शिल्लक आहे. इंजिन चालू असताना बारीक कुईं असा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो. वेगाबरोबर चढतो म्हणजे उगम अल्टर्नेटरकडे आहे, एवढं नक्की. पण तो अर्थच्या जोडातून शिरतोय की अल्टर्नेटरचाच एखादा डायोड गेलाय? डेकचा आवाज शून्य केल्यावर कुईंही जाते का, तेवढंच राहते, हे पाहायचं आहे. जात असेल तर ती आवाजाच्या बटणाच्या आधी शिरतेय, राहत असेल तर नंतर. दोन्ही भाकितं वहीत लिहून ठेवलीत. काका म्हणतात, राहू दे, मला उंच पट्टीचं तसंही कमी ऐकू येतं.